झेंडीच्या औषधांची पिशवी

तेराव्याला आलेल्या माणसांनी तुमच्याबद्दल इतकं चांगलं सांगितलं की आपली सुजाता म्हणाली, आई, तूही काहीतरी लिहून ठेव, नंतर विसरशील. मी कागद घेऊन बसले. पहिला शब्द हातातून उतरला तो 'खोटारडा'. खोडला. पुन्हा तोच उतरला. मग म्हटलं, राहू दे. पण सगळा संसार तुम्हाला अहो-जाहो करण्यात गेला, म्हणून 'खोटारडे' लिहिते. तेवढा मान ठेवते.

रागावू नका. किंवा रागवा खुशाल, आता मला काय त्याचं. राग येण्याची पाळी माझी आहे आणि ती मी कुणाला देणार नाही.

लोक म्हणाले, बापूंसारखा जीव लावणारा माणूस आख्ख्या मखमलाबादच्या शिवारात नाही. रस्त्यावरच्या कुत्रीसाठी एवढं कोण करतं? फुलबाजारातले एक जुने व्यापारी आले होते. ते सांगत होते, बापू झेंडूचे क्रेट उतरवता उतरवता सारखे घड्याळ बघायचे आणि कुत्रीच्या थेंबांची वेळ झाली म्हणून चहाही न घेता निघायचे. सगळे हसले, मग सगळ्यांनी डोळे पुसले. मीही मान डोलावली. खोटं नव्हतंच ते. पण मी पदर डोळ्यांना लावला तो दुःखाने नाही, संतापाने. कारण त्या माणसांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं.

झेंडी आली तो दिवस आठवतो का? फुलांचा तोडा चालू होता. झेंडूच्या सरीत काहीतरी कुईं करतंय म्हणून तुम्ही वाकलात आणि हे पिल्लू घेऊन उठलात. नाक वाहतंय, अंग कापतंय, मागचे पाय लटपटतायत. मी म्हटलं, हे काही जगत नाही, उगाच जीव लावून घेऊ नका. तुम्ही क्रेटमध्ये गोणपाट टाकून तिला आत ठेवलंत आणि म्हणालात, नाही जगली तर नाही जगली, उपाशी तर मरणार नाही. ती जगली. डिस्टेंपरसारख्या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगातून वाचली हेच नवल, असं डॉक्टर मॅडम पुढे म्हणाल्या. रंगाने अस्सल झेंडू, म्हणून नाव झेंडी. नाव मी ठेवलं होतं. लोकांना तुम्ही सांगायचात की तुम्ही ठेवलं. आता वाद घालायला तुम्ही नाही, तेव्हा नाव मीच ठेवलं.

जगली, पण डोळे गेल्यातच जमा होते. सकाळी उठली की दोन्ही पापण्या चिपडांनी गच्च चिकटलेल्या. ओल्या फडक्याने सोडवाव्या तर खालचं बुबुळ धूळ बसलेल्या काचेसारखं. आपल्याला वाटलं डोळे आलेत, जातील. एवढी घाण येते म्हणजे डोळ्यात पाणी जास्तच झालंय, असं माझं गणित. तुम्ही तिला पिशवीत घालून शहरात त्या मॅडमकडे घेऊन गेलात, आणि मी पाठीमागे बसून आले ती तुम्ही गाडी एका हाताने चालवू नये म्हणून.

मॅडमनी कागदाची एक बारीक पट्टी तिच्या खालच्या पापणीत अडकवली आणि घड्याळ लावून थांबल्या. पट्टी वर भिजत जायला हवी होती. ती टोकाशी जेमतेम ओली झाली आणि तिथेच राहिली. मॅडम म्हणाल्या, हिच्या डोळ्यांत पाणीच तयार होत नाही, चिपडं येतात ती त्यामुळेच, डोळा कोरडा पडून आतून घासला जातोय. असंच राहिलं तर जखम होईल, डाग वाढत जाईल आणि दिसायचं बंद होईल. मी तुमच्याकडे बघितलं तर तुमच्या डोळ्यांत मात्र भरपूर पाणी होतं.

मग औषधाची गोष्ट निघाली. कुत्र्यांसाठीचं म्हणून जे खास मलम मिळतं ते लांबून मागवायचं आणि महाग. तुम्ही लाजला नाहीत, हे मला फार आवडलं होतं. सरळ म्हणालात, मॅडम, आम्ही फुलं विकणारी माणसं, हे आम्हाला दर महिन्याला झेपायचं नाही, आणि सुरू करून मधेच सोडण्यापेक्षा आधीच सांगतो. मॅडमही चांगल्या. त्यांनी माणसांच्या डोळ्यांचं, साध्या मेडिकलमध्ये मिळणारं एक मलम लिहून दिलं, तसंच काम करणारं आणि आपल्या खिशाला परवडणारं. वर कृत्रिम अश्रूंचे थेंब, साधे, कुठल्याही कंपनीचे. पण बजावून सांगितलं की मी लिहिलंय तेच आणायचं. माणसांचं चालतं म्हटल्यावर घरात पडलेलं काहीही डोळ्यात ओतायचं नाही. आणि एकदम फरक दिसणार नाही, काही आठवडे जातील, तोवर धीर सोडायचा नाही.

तिथून पुढे घरात तुमचं राज्य सुरू झालं. बापरे, काय ते नियम! पाणी उकळून गार केलेलं हवं. कापूस या डोळ्याचा वेगळा, त्या डोळ्याचा वेगळा. पुसायचं नाकाकडून बाहेर. आधी थेंब, मग थोडं थांबायचं, मग मलम, नाहीतर एकाने दुसरं धुऊन जातं. नळीचं टोक डोळ्याला टेकवायचं नाही. फोडलेली बाटली महिन्याच्या वर वापरायची नाही, उरली तरी फेकायची. मी डोकं धरायचं, तुम्ही औषध घालायचं. आणि औषधांची पिशवी तुमची. ती निळी, फुलबाजारातून आलेली कापडी पिशवी खुंटीला, आणि तिला मी हात लावायचा नाही. तुझे हात सदान्‌कदा मातीचे, शकू, डोळ्याचं काम आहे, असं म्हणायचात. मी म्हणायचे, आणि तुमचे काय अत्तराचे? पण हात लावला नाही कधी. मला ते आवडायचं, खरं सांगते. एवढा मोठा बाप्या साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन कुत्रीसमोर मांडी घालून बसायचा, तेव्हा मला कुणाचीच दृष्ट लागू नये असं वाटायचं.

एकदा फवारणी करताना माझ्या डोळ्यात औषध उडालं होतं. मी ओरडत सुटले. तुम्ही मला बांधावर आडवं पाडलंत आणि माझी पापणी धरून पाणी ओतत राहिलात, ओतत राहिलात, मी शिव्या दिल्या तरी थांबला नाहीत. नंतर म्हणालात, झेंडी तुझ्यापेक्षा शहाणी, ती हलत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, लगेच धुतलं म्हणून डोळा राहिला. आज हे सगळं मी बघतेय ते तुमच्यामुळे. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर रागवायला सोपं गेलं असतं.

वन्संची गोष्ट तर त्यांच्या सासरी, सगळ्या देवळा गावात गाजली. तुमची ही थोरली बहीण मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आपल्याकडे राहायला आली, ती उरलेल्या थेंबांची बाटली घेऊनच. आपल्याकडची रीतच आहे ती. एकाचं ऑपरेशन झालं की उरलेली बाटली आळीभर फिरते. कुणाचा डोळा लाल झाला की घाल थेंब, कुणाला रांजणवाडी आली की घाल थेंब. वन्संनी मोठ्या मायेने ती बाटली झेंडीसाठी काढली. तुम्ही आधी मॅडमना फोन केलात आणि बाटलीवरचं नाव वाचून दाखवलंत. मॅडम म्हणाल्या, त्यात स्टेरॉइड आहे, डोळ्याला लाली असेल तर दोन दिवसांत छान दिसेल, पण आत जखम असली तर त्याच थेंबांनी बुबुळ फुटेल. तुम्ही बाटली उकिरड्यात टाकलीत. वन्सं दोन वेळ जेवल्या नाहीत.

पण खरं भांडण झालं ते पुढच्या वेळी. तोवर झेंडीचे डोळे चकचकीत झाले होते. वन्सं म्हणाल्या, आता बरी झाली की, किती दिस घालणार हे? मलाही तसंच वाटत होतं, मी वन्संच्या बाजूने बोलले. तुम्ही पाटावर बसून भाकरी खात होतात. हातातला घास खाली ठेवलात.

"डोळा बरा झालेला नाही," म्हणालात. "औषधामुळे बरा दिसतोय. औषध सोडलं की गेला. हे जन्मभराचं आहे."

वन्सं म्हणाल्या, "जन्मभर औषध? हे काय जिणं झालं का?"

"का? भाकरी पण जन्मभर खातोच की आपण. तिला कुणी नावं ठेवतं का?"

मला तुमचा इतका अभिमान वाटला होता. नंतर मी ते वाक्य शेजारणीला सांगितलं, सुजाताच्या सासरी निफाडला जाऊन सांगितलं. आमचे हे काय बोलले माहीत आहे का, म्हणून.

आणि त्याच वर्षी आरोग्य शिबिरात तुमचं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, रोज एक, कायमची. तुम्ही तोंड वाकडं केलंत, पण मी म्हटलं, भाकरी खाता ना? मग गोळीही खायची. तुम्ही हसलात. खरंच हसलात. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी विचारायचे, गोळी घेतली का? आणि तुम्ही म्हणायचात, घेतली. चुलीवरून मान न वळवता मी विचारायचे, टीव्हीवरून नजर न काढता तुम्ही सांगायचात. महिना संपला की झेंडीचं मलम आणायला जाताना तुमच्याही गोळ्या आणायचात, पाकीट मला दाखवायचात, आणि ठेवून द्यायचात. सकाळी अनशापोटी लसणाच्या दोन पाकळ्या चावायचात तेही मी बघायचे. मला वाटायचं, गोळीच्या जोडीला लसूण. माणूस किती जपतोय स्वतःला.

त्या सकाळी तुम्ही गोठ्याजवळ क्रेट रचत होतात. दसरा होऊन गेला होता, दिवाळीचा तोडा अजून व्हायचा होता. मला हाक मारलीत आणि पुढचं काही बोललात ते मला कळेचना, जीभ जड झाली होती. मी धावले तोवर तुम्ही क्रेटला धरून खाली बसला होतात आणि झेंडी तुमचा हात चाटत होती. शेजाऱ्यांनी गाडी काढली. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरने मला विचारलं, यांना बीपी आहे का? मी म्हटलं, आहे. गोळी चालू आहे का? आणि मी छाती पुढे काढून सांगितलं, रोज घेतात, एक दिवससुद्धा चुकलेली नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. ते पुन्हा म्हणाले, नक्की ना? मला राग आला. म्हटलं, डॉक्टर, मी त्यांची बायको आहे, मला माहीत नसेल तर कुणाला?

अहो, हे तुम्ही माझ्याकडून वदवून घेतलंत. तुम्ही तिथे आडवे पडलेले, आणि तुमच्या खोट्याला साक्ष मी. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तुम्ही उठला नाहीत.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. घर माणसांनी भरलं. मला एका कोपऱ्यात बसवलं. झेंडी सारखी आत येऊन तुमच्या जागेवर बसत होती, म्हणून कुणीतरी तिला गोठ्यात नेऊन बांधलं. तिच्या थेंबांची वेळ आली आणि गेली, पुन्हा आली आणि गेली, आणि मला, मलासुद्धा, आठवण झाली नाही. राख सावडून सगळे परत आले तेव्हा मी पाय मोकळे करायला मागे गेले, आणि झेंडी माझ्या आवाजाकडे तोंड करून उभी होती, माझ्याकडे नाही. उजवा डोळा पूर्ण मिटलेला, चिपडांनी भरलेला. डावा जेमतेम किलकिला.

मी ओरडतच आत आले, पिशवी कुठाय? खुंटी रिकामी. वन्संनी तुमचे कपडे, चपला, पांघरूण, सगळ्याचं गाठोडं बांधून बांधावर ठेवलं होतं, देऊन टाकायला. मेलेल्या माणसाचं औषध घरात ठेवू नये म्हणून पिशवीही त्यातच. त्यांची काही चूक नाही, आपल्याकडे करतातच तसं, आणि पिशवी तर सगळ्या घराला तुमचीच म्हणून ठाऊक. मी अनवाणी बांधावर गेले, गाठ सोडली, पिशवी काढली आणि तिथेच ओतली. मलम सापडलं. थेंबांची बाटली सापडली. आणि खाली तुमच्या गोळ्या. पाकिटंच्या पाकिटं. सगळी कोरी. एकाही पाकिटाचं एकही घर फुटलेलं नाही. जुनी, नवी, मागच्या महिन्यातली, गेल्या वर्षीची.

मातीत बसून मी ती पाकिटं बघत राहिले. तुझे हात मातीचे, शकू. डोळ्याचं काम आहे. अहो, म्हणून होय? म्हणून पिशवीला हात लावायचा नाही? ज्या गोष्टीवर मी मनातल्या मनात भाळले होते, शेजारणींना सांगत सुटले होते, ती माझ्यापासून गोळ्या लपवायची युक्ती होती? आणि लपवल्यात कुठे, तर तिच्या औषधात, जिच्या डोळ्यांसाठी जगाला जन्मभराचं शहाणपण शिकवत होतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी लाख वेळा दुसऱ्यांना लावली असेल. घरात राहते ती कधी दिसली नाही.

सुजाताने मला उठवलं. तिला मी पाकिटं दाखवली. ती गोळा करून ओच्यात भरत राहिली, आणि मग म्हणाली, "आई, आधी झेंडी."

वन्सं दारात आडव्या आल्या. "शकू, येडी झाली काय? सुतक हाय. नवरा जाऊन चार दिस नाय झाले आन कुत्री घेऊन गाडीवर जाती? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "वन्सं, लोकांना सांगा, बापूचा डोळा वाचवायला गेली."

का म्हटलं तसं, कुणास ठाऊक. सुजाताने स्कूटी काढली, मी पाठीमागे झेंडीला गोधडीत गुंडाळून बसले. रस्त्यात ओळखीची माणसं थांबून बघत होती. मी पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि तिचं तोंड त्याच पदराखाली घेतलं, वारा लागू नये म्हणून. हेही तुम्हीच शिकवलेलं.

मॅडमनी विचारलं, काका नाही आले? सुजाताला रडू फुटलं. मग मलाच सांगावं लागलं. परक्या माणसाला मी पहिल्यांदा सांगितलं की तुम्ही गेलात. मॅडम थोडा वेळ झेंडीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग कामाला लागल्या. डोळ्यात हिरवा रंग घालून बघितला. उजव्या बुबुळावर जखम होती, रंग तिथे धरला. म्हणाल्या, अजून खोल नाही, वेळेवर आणलंत. जखमेचे थेंब वेगळे दिले, दर दोन-तीन तासांनी घालायला. गळ्यात प्लास्टिकचा नरसाळ्यासारखा पट्टा बांधला, पंजाने खाजवू नये म्हणून. आणि नळी कशी धरायची ते माझा हात हातात घेऊन दाखवलं. मातीच्या हातांना त्यांनी काही नावं ठेवली नाहीत. साबणाने धुवा, एवढंच म्हणाल्या.

आम्ही निघताना त्या सहज बोलून गेल्या. म्हणाल्या, मागे एकदा काकांना इथेच चक्कर आली होती, मी म्हटलं बीपी तपासा. तर म्हणाले, गोळी चालू आहे, आमची बाई एक दिवस चुकू देत नाही.

मी झेंडीला उचलून जिना उतरले. चक्कर आली होती, हेही मला सांगितलं नाहीत. आणि वर माझंच नाव पुढे केलंत. घरात मला सांगायचं 'घेतली', बाहेर सांगायचं 'बाई चुकू देत नाही'. दोन्हीकडे मी तुमची ढाल. मी तुमच्याशी किती गोष्टींवरून भांडले असेन. ठिबकच्या नळ्या, सुजाताचं लग्न, झेंडीने आत झोपायचं की बाहेर. एवढ्या भांडणांत या एका भांडणाला तुम्ही का घाबरलात? जन्मभर हा शब्द कुत्रीसाठी म्हणायला सोपा गेला आणि स्वतःच्या बाबतीत आपण आता आजारी माणूस झालो असं वाटलं, असंच ना? असेल. मी आपली अंदाज करत बसते. विचारायला तुम्ही कुठे आहात.

आता दहाव्याचं सांगते, कारण तुम्ही तिथे होतात की नव्हतात ते मला माहीत नाही.

गोदावरीच्या घाटावर सगळी भावकी जमली होती. प्रवचन झालं. पिंड ठेवले. कावळे होते, चांगले पाच-सात, भिंतीवर बसून पिंडाकडे बघत होते, पण खाली येत नव्हते. ऊन चढायला लागलं. माणसाचं काही राहिलं असलं की कावळा शिवत नाही, मग घरच्यांनी पुढे होऊन कबूल करायचं, तशी कबुली सुरू झाली. वन्सं हात जोडून म्हणाल्या, बापू, शकूला एकटी पडू देणार नाय. कावळा हलला नाही. सुजाता म्हणाली, अप्पा, झेंडीचे थेंब चुकणार नाहीत. तरी नाही. चुलत दिरांनी विहिरीच्या पाळ्यांवरून पुन्हा वाद घालणार नाही म्हणून सांगितलं. नाहीच. मग एकेक मान माझ्याकडे वळली.

वन्सं माझ्या कानाशी आल्या. त्यांना पाकिटांचं कळलं होतं. म्हणाल्या, "शकू, तुझ्यात जीव अडकलाय त्याचा. राग नाय म्हण. एवढंच म्हण, बाई."

मी पुढे झाले. सगळे उन्हात ताटकळलेले, म्हातारी माणसं, लेकरं, दोन दिवस नीट न जेवलेली सुजाता. एक शब्द टाकला की सगळे सुटणार होते. शब्द जिभेवर आलाही होता. आणि अहो, तेव्हा मला कळलं की तुम्ही रोज संध्याकाळी कसं म्हणत असाल. इतकंच सोपं असणार ते. समोरचं आपलं माणूस आशेने विचारतंय, एक शब्द दिला की त्याचा जीव शांत होतो, आणि त्या घटकेला कुणाचं काही बिघडत नाही. तुम्ही माझ्यावर माया होती म्हणूनच खोटं बोललात, हे मला तिथे उभ्या उभ्या समजलं, आणि समजून राग कमी होण्याऐवजी वाढला.

मी मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माझा राग आहे. गेला तर सांगेन."

कावळे तिथेच बसून राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. वन्सं मोठ्याने रडल्या. भावकी आता म्हणते, बायकोने हट्ट केला म्हणून बापूंना खरा कावळा मिळाला नाही. म्हणू दे. घरात खोटं बोलणारं एक माणूस पुरे झालं.

झेंडीची जखम भरत आली आहे. बुबुळावर एक पांढुरका डाग राहील, पण तिला दिसतं. काल अंगणात फुलपाखराच्या मागे धावली. औषध मीच घालते, कोपरापर्यंत हात धुऊन. सुजाताने मलाही दवाखान्यात नेलं, माझंही बीपी थोडं वर निघालं. आता रात्री निफाडहून ती फोन करते आणि विचारते, आई, घेतली का? एक-दोनदा विसरले होते. तेव्हा नाही घेतली म्हणून सांगितलं. ती फोनवर जी काय ओरडली, विचारू नका. फोन तसाच चालू ठेवायला लावून तिने मला गोळी घ्यायला लावली.

तुमचं काही राहिलं असेल तर राहू दे. माझंही राहिलं आहे. एवढ्या वर्षांतल्या एका, फक्त एका संध्याकाळी तुम्ही म्हणायला हवं होतं, नाही घेतली. मी आकाशपाताळ एक केलं असतं. तांब्या आपटला असता. आणि मग त्याच तांब्याने पाणी आणून, तुम्ही गिळेपर्यंत समोर उभी राहिले असते.